उबुंटूवर मराठी टंकलेखन : शॉर्टकट नेमके कुठे अडतात?

प्रश्न : मुद्रितशोधक

सर्वांना नमस्कार. मी प्रकाशकांसाठी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. दिवसभर लिब्रेऑफिस रायटर उघडे असते आणि कीबोर्डवरचा हात माउसकडे जितका कमी जाईल तितके काम लवकर उरकते. संगणकावर उबुंटू 24.04 आहे, डेस्कटॉप त्यासोबत आलेला ग्नोम आहे आणि सत्र वेलँडचे (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या पद्धतीचे) आहे. मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. सेटिंग्जमध्ये मी ‘मराठी (एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट)’ ही मांडणी इंग्रजीच्या जोडीला घेतली आहे.

अडचणी अशा आहेत. भाषा बदलण्यासाठी सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबावे लागते. परिच्छेदात दर दोन ओळींनी एखादा इंग्रजी शब्द येतो, तेव्हा हा खटाटोप नकोसा होतो. कॅप्स लॉकची कळ माझ्या काहीही उपयोगाची नाही, म्हणून त्याच एका कळीवर भाषा बदलावी अशी इच्छा आहे. पण सेटिंग्जमधल्या शॉर्टकटच्या चौकटीत कॅप्स लॉक दाबले तर ते स्वीकारलेच जात नाही.

दुसरी अडचण रायटरची आहे. परिच्छेद उचलून एक जागा वर किंवा खाली नेण्यासाठी रायटरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा किंवा खालचा बाण अशी सोय आहे. विंडोजवर ती मी सतत वापरत असे. इथे मात्र कळा दाबल्यावर काहीच घडत नाही. सेटिंग्जमधली शॉर्टकटची संपूर्ण यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली. हे संयोजन कुठल्याही कामाला जोडलेले दिसले नाही.

तिसरी गोष्ट अशी की हस्तलिखिताच्या फोल्डरची तारीखवार प्रत करणारी एक ओळीची आज्ञा मी सानुकूल शॉर्टकट म्हणून नोंदवली आहे. तीच आज्ञा टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालते, शॉर्टकटवरून चालत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

शिवाय मराठी चालू असताना काही प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एस दाबून फाइल साठवली जात नाही, तर काहींमध्ये साठवली जाते. हा भेद कशामुळे होतो हेही जाणून घ्यायचे आहे. हे सगळे एकदा मार्गी लागले की घरच्या लॅपटॉपवरही तशीच व्यवस्था करायची आहे.

---

उत्तर : खिडकीकार

नमस्कार ताई. आपल्या अडचणी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी प्रतीची आज्ञा आणि शेवटची स्थलांतराची बाब सोडली तर बाकीच्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कळ दाबल्यापासून ती रायटरपर्यंत पोचेतो मध्ये कोण कोण बसलेले आहे आणि त्यांपैकी कोणी ती ठेवून घेतली? कळ प्रथम कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे येते, तिथून ग्नोमच्या खिडक्या सांभाळणाऱ्या मटरकडे जाते, मग आयबस या इनपुट पद्धतीकडे आणि सर्वांत शेवटी समोर उघडलेल्या प्रोग्रामकडे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने आधीच्या टप्प्यावर कोणी कळ घेतली तर पुढच्याला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून रायटरची सेटिंग्ज उलथीपालथी करण्याआधी कळ नेमकी कुठे थांबते ते पाहावे.

त्यासाठी वेव्ह (wev) नावाचे छोटे साधन बसवून घ्या. ते टर्मिनलमधून चालवले की एक रिकामी खिडकी उघडते आणि त्या खिडकीपर्यंत पोचलेली प्रत्येक कळ टर्मिनलमध्ये ओळीने छापली जाते. त्या खिडकीवर क्लिक करून कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबा. कंट्रोलची ओळ येईल, ऑल्टची येईल, पण बाणाची येणार नाही. आता लिबइनपुटचे ‘डिबग-इव्हेंट्स’ हे साधन प्रशासकाच्या अधिकाराने चालवून तेच करून पाहा. तिथे बाणाची नोंद दिसेल. याचा अर्थ कीबोर्ड आणि कर्नल यांचे काही बिघडलेले नाही, बाण मधल्या मटरने घेतला. (लिबइनपुट सुरक्षेसाठी अक्षरांच्या कळा चांदण्यांनी झाकून दाखवते. त्या पाहायच्या असल्यास ‘शो-कीकोड्स’ हा पर्याय जोडावा लागतो.)

मटरने तो का घेतला याचे उत्तर ग्नोमच्या इतिहासात आहे. ग्नोम 40 येईपर्यंत कार्यक्षेत्रे (वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या वाटून ठेवण्याचे वेगवेगळे पडदे) एकाखाली एक रचलेली असत आणि त्यांच्यात वर-खाली जाण्यासाठी हेच संयोजन होते. 2021 साली आलेल्या 40 व्या आवृत्तीत कार्यक्षेत्रे आडवी झाली, त्यामुळे आता उपयोग डाव्या-उजव्या बाणांचा होतो. पण वर-खालीची जुनी नोंद मागे राहून गेली. सेटिंग्जमधली यादी ही सर्व शॉर्टकटची यादी नव्हे, निवडक शॉर्टकटची आहे, आणि ही नोंद त्या निवडीत नाही. म्हणूनच आपण यादी कितीही बारकाईने वाचली तरी ती सापडली नसती. कळ घेतली जाते, तिचा उपयोग काही होत नाही आणि ती दिसतही नाही, हा प्रकार माझ्या मते ग्नोमच्या गैरसोयींतला सर्वांत चीड आणणारा आहे.

उपाय सोपा आहे. डीकॉन्फ या ग्नोमच्या सेटिंग्जच्या साठ्यात थेट बदल करू देणारा डीकॉन्फ एडिटर बसवा आणि ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, डब्ल्यूएम, कीबाइंडिंग्ज अशा क्रमाने आत जा. तिथे ‘स्विच-टू-वर्कस्पेस-अप’ आणि ‘स्विच-टू-वर्कस्पेस-डाउन’ या दोन नोंदी मिळतील. प्रत्येकीत ‘मूळ मूल्य वापरा’ हा पर्याय बंद करून मूल्याच्या जागी रिकामा चौकटी कंस ठेवा, म्हणजे कंस उघडून लगेच बंद करा, मध्ये काही लिहू नका. संगणक पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. बदल त्याच क्षणी लागू होतो. वेव्हमध्ये बाणाची ओळ दिसू लागली की रायटरमध्येही परिच्छेद हलू लागतील.

कॅप्स लॉकचा मार्ग वेगळा आहे. सेटिंग्जमधली शॉर्टकटची चौकट कॅप्स लॉकला शॉर्टकट म्हणून मानत नाही, कारण ती कळ कीबोर्डच्या मांडणीच्या पातळीवरच वेगळ्या कामाला बांधलेली असते. ते बांधकाम बदलण्यासाठी ग्नोम ट्वीक्स बसवा, त्यात कीबोर्डच्या विभागात अतिरिक्त मांडणी पर्याय उघडा आणि ‘दुसऱ्या मांडणीकडे जाणे’ या गटात कॅप्स लॉकवर खूण करा. त्याच गटात ऑल्ट-शिफ्ट आणि कंट्रोल-शिफ्ट हेही पर्याय दिसतील. विंडोजच्या सवयीने ते घेण्याचा मोह होतो, पण कंट्रोल-शिफ्ट घेतले तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही यांसारख्या संयोजनांशी खटके उडण्याची शक्यता असते. वेलँडच्या आधीच्या, जुन्या एक्स 11 सत्रात तर ते हमखास उडतात, कारण तिथे भाषा कळ सोडल्यावर न बदलता दाबताक्षणीच बदलते. त्यापेक्षा एकटी कॅप्स लॉक बरी.

आपली तारीखवार प्रतीची आज्ञा चालत नाही, कारण ग्नोमचा सानुकूल शॉर्टकट आज्ञा शेलमधून (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालवत नाही. घरच्या फोल्डरसाठी वापरलेले टिल्ड, आजची तारीख आणण्यासाठी वापरलेली डॉलर आणि कंसाची रचना, दोन आज्ञा जोडणारी चिन्हे, हे सगळे शेलचे व्याकरण आहे. शेल नसेल तर ती नुसती अक्षरे उरतात. ती ओळ एका छोट्या स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा, पहिल्या ओळीत बॅशचा उल्लेख करा, फाइलला चालवण्याची परवानगी द्या आणि शॉर्टकटच्या आज्ञेच्या जागी त्या फाइलचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहा. चूक झाली तर कळावे म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी ‘नोटिफाय-सेंड’ने एक सूचना दाखवण्याची ओळ घातली तर उत्तम, आवाज न करता फसणाऱ्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

---

उत्तर : आयबसप्रवासी

मराठी चालू असताना साठवण्याची आज्ञा कधी चालते आणि कधी चालत नाही, त्याबद्दल लिहितो, कारण वरच्या उत्तरात तो भाग राहिला आहे.

आपण घेतलेली एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट ही एक्सकेबी या कीबोर्डच्या मांडण्या सांभाळणाऱ्या यंत्रणेतली मांडणी आहे. तिच्यात इंग्रजी एसची कळ एकाराची मात्रा देते, सीची कळ म देते आणि व्हीची कळ न देते. म्हणजे मराठी चालू असताना आपण साठवण्यासाठी कळा दाबता तेव्हा प्रोग्रामच्या हाती कंट्रोल आणि एकाराची मात्रा असे काहीतरी पडते. जीटीके आणि क्यूटी या साधनसंचांवर बांधलेले बहुतेक प्रोग्राम अशा वेळी त्याच कळीवर दुसऱ्या मांडणीत कोणते रोमन अक्षर आहे ते शोधतात आणि काम भागवतात. ग्नोम तर रोमन मांडणी यासाठीच पाठीशी कायम ठेवते. पण जे प्रोग्राम कळा स्वतःच्या पद्धतीने वाचतात, ते हा शोध घेतीलच असे नाही, आणि तिथे आपली फाइल साठवली जात नाही.

याला पर्याय असा : सेटिंग्जमध्ये इनपुट स्रोत जोडताना मराठीखाली एम 17 एन असा उल्लेख असलेले ‘इनस्क्रिप्ट 2’ शोधा, न दिसल्यास आयबस-एम 17 एन हे पॅकेज बसवून पुन्हा लॉगिन करा. ही मांडणी आयबसमधून चालते. मूळ कीबोर्ड इंग्रजीच राहतो आणि अक्षरांचे रूपांतर मधल्या टप्प्यावर होते, त्यामुळे कंट्रोलसह दाबलेली कळ प्रोग्रामला इंग्रजी म्हणूनच मिळते. यात एक देणेही आहे. ज्या प्रोग्रामचे आयबसशी नीट जुळत नाही, त्यात मराठी अक्षरे उमटतच नाहीत किंवा जोडाक्षरे अडखळत येतात. रायटरमध्ये हा त्रास जाणवत नाही. माझा सल्ला असा की आधी पाहावे की शॉर्टकट कोणत्या प्रोग्राममध्ये अडतात. ते प्रोग्राम रोजच्या वापरातले असतील तरच मांडणी बदलावी.

आयबस आले की त्याच्या स्वतःच्या कळाही येतात. कंट्रोल-शिफ्ट-यू दाबले की युनिकोड क्रमांक विचारणारे अधोरेखित अक्षर उमटते, आणि आयबसच्या काही आवृत्त्यांत कंट्रोल आणि पूर्णविराम दाबले की इमोजी शोधण्याची सोय सुरू होते. मजकूर लिहिण्याच्या एखाद्या प्रोग्राममध्ये त्याच कळा दुसऱ्या कामाच्या असतील तर तिथे त्या चालणार नाहीत. आयबसच्या प्राधान्यांमध्ये इमोजीच्या पानावर जाऊन या दोन्ही कळा काढून टाकता येतात.

विम या टर्मिनलमधल्या मजकूर-संपादक प्रोग्राममध्ये मात्र यांपैकी काहीच कामी येत नाही. तिथल्या आज्ञा कंट्रोलविना, नुसत्या अक्षरांच्या असतात; मराठी चालू राहिली तर खालच्या ओळीवर जाण्यासाठी दाबलेल्या जेचा र होतो आणि विम जागचा हलत नाही. जे विममध्ये मराठी लिहितात त्यांनी डेस्कटॉपची भाषा इंग्रजीच ठेवून विमचा स्वतःचा कीमॅप (कोणत्या कळीला कोणते अक्षर याचा तक्ता) वापरावा. तो केवळ लिहिण्याच्या अवस्थेत लागू होतो, आज्ञांना हात लावत नाही. मराठीचा तक्ता बहुधा स्वतःच तयार करावा लागेल. एका बैठकीचे काम आहे.

जाता जाता : इंग्रजीसाठी आपण अमेरिकी मांडणी घेतली असेल तर तिच्याऐवजी ‘इंग्रजी (भारत, रुपयासह)’ ही घ्या. उजवा ऑल्ट आणि 4 दाबले की रुपयाचे चिन्ह मिळते, आणि पुस्तकाच्या किमती टाइप करताना भाषा बदलावी लागत नाही.

---

उत्तर : कळसूत्री

कॅप्स लॉकसाठी मी कीड (keyd) नावाचे साधन सुचवेन. ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा कर्नलच्या लगेच पुढच्या पायरीवर बसते, त्यामुळे वेलँड असो, एक्स 11 असो किंवा डेस्कटॉप नसलेले नुसते काळे टर्मिनल असो, सगळीकडे एकसारखी चालते. एकच कळ नुसती टिचकावली तर एक काम आणि धरून ठेवली तर दुसरे, असेही तिच्यात करता येते. मी कॅप्स लॉक टिचकावल्यावर एस्केप आणि धरल्यावर कंट्रोल असे ठेवले आहे. एक्समॉडमॅप, एक्सबाइंडकीज किंवा एक्सडूटूल वापरण्याचे जुने लेख वाचून कोणी त्या वाटेला जाऊ नये. ती साधने एक्स 11 साठी लिहिलेली आहेत आणि वेलँडच्या खिडक्यांवर त्यांची मात्रा चालत नाही.

---

उत्तर : खिडकीकार

कीड हे साधन उत्तम आहे, पण ताईंच्या कामासाठी ते मला जास्तीचे वाटते. ते प्रशासकाच्या अधिकाराने चालते, त्याचे नियम त्या संगणकावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला आणि लॉगिनच्या पडद्यालाही लागू होतात, आणि नियमांच्या फाइलमध्ये गफलत झाली तर पासवर्ड टाइप करण्याचीही पंचाईत होऊ शकते. जे ते बसवतील त्यांनी एक संयोजन पाठ करून ठेवावे : बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर या तिन्ही कळा एकत्र दाबल्या की कीड स्वतःहून बंद पडते आणि कीबोर्ड मूळपदावर येतो. भाषा बदलण्यापुरते काम असेल तर ट्वीक्समधली एक खूण पुरेशी आहे. ती त्याच वापरकर्त्यापुरती राहते आणि काढायची झाली तर त्याच जागी काढता येते.

घरच्या लॅपटॉपवर व्यवस्था नेण्याविषयी : ग्नोमचे बहुतेक बदल डीकॉन्फमध्ये साठतात आणि डीकॉन्फ आपण मुद्दाम बदललेली मूल्येच तेवढी नोंदवते. म्हणून ‘डीकॉन्फ डंप’ या आज्ञेने काढलेली फाइल लहान आणि वाचता येण्याजोगी असते. चार भाग काढून घ्या : डब्ल्यूएमखालील कीबाइंडिंग्ज, ग्नोम शेलखालील कीबाइंडिंग्ज, सेटिंग्ज-डीमनच्या प्लगइनमधील मीडिया-कीज, आणि डेस्कटॉपखालील इनपुट-सोर्सेस. सानुकूल शॉर्टकट मीडिया-कीजमध्ये असतात. तो भाग सबंध घ्यावा, कारण प्रत्येक शॉर्टकटची माहिती एका ठिकाणी आणि त्या सर्वांची यादी दुसऱ्या ठिकाणी असते. एकच उचलले तर नव्या संगणकावर काहीही दिसत नाही. तिकडे ‘डीकॉन्फ लोड’ने प्रत्येक फाइल तिच्या तिच्या जागी भरावी. स्क्रिप्टची फाइल अर्थातच वेगळी न्यावी लागेल, आणि वापरकर्त्याचे नाव वेगळे असेल तर तिचा पत्ता बदलावा लागेल. रायटरमधले शॉर्टकट यात येत नाहीत. ते त्याच्या साधने मेनूतल्या ‘सानुकूलित करा’ या खिडकीत कीबोर्डच्या पानावरून साठवता आणि भरता येतात.

---

उत्तर : पुदिना

घरच्या लॅपटॉपवर उबुंटूऐवजी मिंट असेल तर वरची डीकॉन्फची फाइल जशीच्या तशी चालणार नाही, कारण मिंटचा डेस्कटॉप सिनॅमन आपली नोंद वेगळ्या शाखेत ठेवते. तिथेही कंट्रोल, ऑल्ट आणि वर-खालचे बाण गुंतलेले असतात : वरचा सगळी कार्यक्षेत्रे दाखवतो आणि खालचा चालू कार्यक्षेत्रातल्या खिडक्या पसरून दाखवतो. फरक इतकाच की सिनॅमनच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये शॉर्टकटच्या पानावर हे दोन्ही स्पष्ट दिसतात. संयोजनावर दोनदा क्लिक करून बॅकस्पेस दाबले की ते मोकळे होते.

केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे मांडण्यांच्या तक्त्यात प्रत्येक भाषेसमोर स्वतंत्र शॉर्टकटचा रकाना असतो. एक संयोजन मराठीला आणि दुसरे इंग्रजीला दिले की आत्ता कोणती भाषा चालू आहे याचा विचारच करावा लागत नाही. हवी ती दाबावी. आलटून-पालटून बदलणाऱ्या एका कळीपेक्षा मला हेच सोयीचे वाटते, आणि ग्नोमने ही सोय सेटिंग्जमध्ये अजून दिलेली नाही.

---

मुद्रितशोधक

सर्वांचे मनापासून आभार. डीकॉन्फ एडिटरमधल्या दोन्ही नोंदी रिकाम्या केल्या आणि परिच्छेद हलू लागले. त्याआधी वेव्हमध्ये पाहिले तेव्हा कंट्रोल आणि ऑल्टच्या ओळी आल्या, बाणाची आली नाही. खिडकीकारांनी लिहिले होते अगदी तसेच. कॅप्स लॉकवर भाषा बदलते आहे, आणि प्रत करण्याचे काम स्क्रिप्टमध्ये टाकल्यावर सूचनाही दिसते. एम 17 एनची मांडणी तूर्त घेतली नाही, कारण ज्यात साठवण अडत होती तो प्रोग्राम आठवड्यातून एखादवेळीच उघडावा लागतो.

एक प्रश्न उरला. जुन्या फॉन्टमधल्या फाइलींसाठी मला आभासी यंत्रात विंडोज चालवावे लागते. त्या खिडकीत असताना कॅप्स लॉकने भाषा बदलत नाही आणि सुपरची कळही उबुंटूला मिळत नाही.

---

उत्तर : खिडकीकार

तिथे मटरने कळा स्वतःहून सोडून दिल्या आहेत. वेलँडमध्ये आभासी यंत्र किंवा दूरचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम ‘माझी खिडकी समोर असेतो शॉर्टकट मलाच द्या’ अशी विनंती करू शकतो. पहिल्यांदा तशी विनंती आली तेव्हा ग्नोमने परवानगी विचारली असेल आणि आपण होकार दिला असेल. त्या खिडकीत असताना सुपर आणि एस्केप एकत्र दाबा, म्हणजे शॉर्टकट पुन्हा उबुंटूकडे येतील. विंडोजमध्ये मराठी टाइप करायचे असेल तर मात्र कळा तिकडेच राहू द्या आणि भाषा विंडोजच्या आत, तिथल्याच शॉर्टकटने बदला. बाहेरची मराठी आणि आतली मराठी एकाच वेळी चालू राहिली तर कोणती कळ कोणत्या मांडणीतून गेली हे समजणे कठीण होते.